साइट छान दिसते, पण फोन येत नाही

चाळीसगावहून एका मुलाने विचारलंय: "ताई, सहा महिन्यांचा वेब डिझाइनचा कोर्स केला. तीन साइट बनवल्या. एक हायवेवरच्या शेवभाजीच्या हॉटेलची, एक क्लासची, एक कृषी सेवा केंद्राची. तिघेही मालक 'छान झाली' म्हणाले, पण साइट बघून कुणाचा फोन येत नाही. नवीन माणूस नेमका कुठे चुकतो आणि ते टाळायचं कसं?"

तिन्ही साइट मी नीट पाहिल्या, आधी लॅपटॉपवर आणि मग माझ्याकडच्या एका जुन्या फोनवर. जळगावात हे काम मी चौदा वर्षं करते आहे. तुझ्या साइटवर जे दिसलं ते बहुतेक सगळं सुरुवातीच्या काळात माझ्याही हातून झालेलं आहे, म्हणून मोकळेपणाने लिहिते.

तुझा रंगांचा हात चांगला आहे, मांडणीतही नजर दिसते. चूक त्याच्या आधीची आहे. तू साइट मालकाला दाखवायला बनवलीस. मालक ती लॅपटॉपवर बघतो, मान हलवतो, पैसे देतो. पण रोज ती उघडणारा माणूस वेगळा असतो आणि तो काहीतरी काम घेऊन आलेला असतो. ते काम काय, हे विचारायच्या आधीच आपण रंग निवडायला बसतो. पुढच्या बहुतेक चुका इथूनच निघतात.

कृषी सेवा केंद्राचीच साइट घे. उघडल्याबरोबर सरकत्या फोटोंचा स्लायडर, हिरवी शेतं, 'आपले सहर्ष स्वागत आहे'. त्याखाली संस्थापकांचा फोटो आणि दुकानाचा इतिहास. मग 'आमचे ध्येय'. फोन नंबर पार तळाशी, तोही व्हिजिटिंग कार्डाच्या फोटोत.

अशाच एका दुकानाचं काम मी अमळनेर तालुक्यात घेतलं होतं. त्यांची जुनी साइट होती, ती नवी करायची होती. जूनमधली सकाळ, कपाशीच्या बियाण्याची गर्दी. मालकाला म्हटलं, आज मला काउंटरच्या आत एक स्टूल द्या, मी फक्त ऐकते. वहीत लिहीत गेले: बियाणं आलं का, पाकीट कितीला, उधारी चालेल का, दुपारी बंद असता का, ठिबकची नळी मिळेल का, फोनवरून पैसे घेता का. साडेदहाच्या सुमारास एक बाबा आले. हातातल्या फोनवर ह्याच दुकानाची साइट उघडी होती. फोन माझ्यासमोर धरून म्हणाले, "ताई, नंबर कोठे शे?" नातवाने साइट उघडून दिली होती, पण नंबर सापडला नाही, म्हणून माल आला का एवढं विचारायला ते बस पकडून आले होते. माल आलेला नव्हता.

त्या दिवशी वहीत जे प्रश्न होते, तेच नव्या साइटचं पहिलं पान झालं. वर दुकानाचं नाव, लगेच खाली 'फोन करा' आणि 'व्हॉट्सॲप करा' अशी दोन मोठी बटणं, मग आज काय उपलब्ध आहे, मग वेळ आणि पत्ता. इतिहास वेगळ्या पानावर गेला. तूही पुढचं काम घेशील तेव्हा फिग्मा (साइटचा आराखडा काढायचं साधन) उघडायच्या आधी एक दिवस त्या दुकानात, दवाखान्यात, क्लासच्या ऑफिसात जाऊन बस. लोक फोनवर काय विचारतात ते लिहून घे. कोर्समध्ये ही गोष्ट शिकवत नाहीत आणि तिला खर्च येतो तो बसभाड्याचा.

दुसरी गोष्ट आपल्या उन्हाची. डिझाइन आपण पंख्याखाली, सावलीत, चांगल्या स्क्रीनवर करतो. एप्रिल-मेमध्ये जळगाव-भुसावळचा पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. रावेरकडे केळीच्या बागेत ट्रक भरत असताना शेतकरी किंवा व्यापारी फोन उघडतो तेव्हा स्क्रीनवर ऊन पडलेलं असतं. त्यात फोन तापला की तो स्वतःच उजेड कमी करतो. अशा वेळी तुझा फिकट राखाडी मजकूर दिसतच नाही. क्लासच्या साइटवर फीची माहिती तू ज्या राखाडी रंगात दिली आहेस त्याचा कोड सहा वेळा नऊ असा आहे. पांढऱ्यावर त्याचं कॉन्ट्रास्ट गुणोत्तर, म्हणजे अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्या उजेडातला फरक, २.८ च्या आसपास येतं. वेबसाठीचे जे आंतरराष्ट्रीय सुलभता-निकष आहेत, डब्ल्यूसीएजी म्हणतात त्यांना, त्यांत साध्या मजकुरासाठी किमान ४.५ आणि मोठ्या अक्षरांसाठी किमान ३ सांगितलं आहे. तुझा राखाडी मोठ्या अक्षरांनाही पुरत नाही. तो ७६७६७६ पर्यंत गडद केलास तर जेमतेम पास होतो. मी त्याहूनही गडद घेते, कारण निकष लिहिणाऱ्यांनी भुसावळचं ऊन धरलेलं नाही.

केळी म्हटलं की पिवळा रंग आणि पिवळ्या बटणावर पांढरी अक्षरं, हे आपल्या भागात फार दिसतं. दुकानाच्या फ्लेक्सवर पिवळ्यावर लाल किंवा काळं असतं, ते बरोबरच असतं. वेबवर आल्यावर मात्र आपण 'मॉडर्न' म्हणून त्यावर पांढरं टाकतो आणि गुणोत्तर दोनच्याही खाली जातं. पिवळं बटण हवं असेल तर अक्षरं काळी किंवा गडद तपकिरी ठेव. क्रोमच्या डेव्हलपर टूल्समधला निवडीचा बाण चालू करून मजकुरावर कर्सर नेला की हे गुणोत्तर लगेच दिसतं. आणि एकदा भर दुपारी बारा वाजता फोन घेऊन गच्चीवर जा. तिथे वाचता आलं नाही तर रंग बदल.

आता फोटो. हॉटेलच्या साइटवर तू पहिल्या पानावर आठ फोटो टाकले आहेस, सगळे फोनमधून काढले तसेच्या तसे: ४००० बाय ३००० पिक्सेल, प्रत्येकी सुमारे ४ एमबी. म्हणजे एका पानाला ३२ एमबी. हायवेवर, डोंगराच्या आडोशाला फोनला सेकंदाला ४ मेगाबिट मिळाले तर हे पान पूर्ण उतरायला मिनिटभराहून जास्त लागेल. तोवर गाडी तुझ्या हॉटेलच्या पुढे निघून गेलेली असते. फोनची स्क्रीन खऱ्या पिक्सेलमध्ये मोजली तरी साधारण १०८० रुंद. मग फोटो १२०० पिक्सेल रुंदीचा केला, वेबपी ह्या वेबसाठीच्या हलक्या स्वरूपात साठवला, तर तोच फोटो १५० केबीच्या आसपास बसतो आणि शेवेची तर्री तितकीच लाल दिसते. आठही फोटो मिळून सव्वा एमबी, दोन-तीन सेकंदांचं काम. ह्यासाठी स्क्वूश नावाचं फुकट साधन ब्राउझरमध्येच चालतं. फोटोच्या टॅगमध्ये, म्हणजे कोडमध्ये फोटो जिथे लावतोस तिथे, रुंदी-उंची लिहून ठेव, म्हणजे फोटो उतरताना खालचा मजकूर दणकन खाली उडी मारत नाही. माणूस 'फोन करा' वर बोट ठेवायला जातो, तेवढ्यात फोटो येतो आणि बोट भलतीकडेच पडतं, असं तुझ्या साइटवर मला दोनदा झालं. गूगलच्या मोजमापात ह्याला लेआउट शिफ्ट म्हणतात, तो ०.१ पर्यंत असावा. पानावरचा मुख्य मोठा भाग २.५ सेकंदांच्या आत दिसावा, हेही त्याच मोजमापातलं. गूगलच्याच पेजस्पीड इनसाइट्सवर साइटचा पत्ता टाकला की दोन्ही आकडे कळतात.

ह्याच साइटवर मेन्यू पीडीएफमध्ये आहे. ते मी शेवटी घेते.

मराठी अक्षरांबद्दल जरा थांबून लिहिते, कारण इंग्रजी व्हिडिओ बघून शिकलेल्याला हे कुणी सांगत नाही आणि आपलं बहुतेक काम तर मराठीतच असतं.

पहिली अडचण मजकुराची. ग्राहक म्हणतो, 'माहिती तयार आहे, प्रेसवाल्याकडून घ्या.' प्रेसवाला पेजमेकरची (छपाईच्या मांडणीच्या जुन्या सॉफ्टवेअरची) फाइल देतो. त्यात मराठी दिसतं, पण ते जुन्या बिगर-युनिकोड फॉन्टमध्ये (युनिकोड म्हणजे सगळीकडे एकच चालणारा अक्षर-संकेत) टाइप केलेलं असतं, म्हणजे आत इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं असतात, वर फक्त मराठीचं रूप. साइटवर चिकटवलं की भलतीच चिन्हं उमटतात. मग नवा माणूस काय करतो? त्या मजकुराचं चित्र काढून चित्रच साइटवर लावतो. तुझ्या क्लासच्या साइटवर बॅचच्या वेळा अशाच चित्रात आहेत. चित्रातला मजकूर सहसा गूगलच्या शोधात हाती लागत नाही, फोनवर तो मोठा करून वाचावा लागतो, डोळ्यांनी अधू असलेल्या माणसाचा फोन तो सहसा नीट वाचून दाखवू शकत नाही आणि त्यातल्या नंबरवर बोट ठेवून फोन लावता येत नाही. मजकूर युनिकोडमध्ये बदलून घे. कन्व्हर्टर मिळतात, पण बदलल्यावर ओळ अन् ओळ वाच. जोडाक्षरं आणि रफार हमखास बिघडतात, 'ऱ्य' आणि 'ऱ्ह' तर विशेष बघावे लागतात. 'दुसऱ्या'चं 'दुसर्या' झालेलं पालकांच्या लगेच डोळ्यांत भरतं आणि मग ते क्लासच्या मराठीबद्दलच मत बनवतात.

दुसरी गोष्ट अक्षरांमधल्या अंतराची. इंग्रजी शीर्षकं ऐटदार दिसावीत म्हणून लेटर-स्पेसिंग वाढवतात. तेच मराठीला लावलंस की शिरोरेषा तुटते. शब्द एकसंध राहत नाही, अक्षरांचे सुटे तुकडे होतात. तुझ्या हॉटेलच्या नावाचं असंच झालंय. देवनागरीला लेटर-स्पेसिंग शून्यच ठेव. वाढवायची ती ओळींमधली जागा, कारण आपल्याकडे वर वेलांटी, मात्रा, रफार आणि खाली उकार. इंग्रजीला १.४ चालतं, मराठीला मी १.७ च्या आसपास ठेवते. मजकूर १७-१८ पिक्सेलच्या खाली नेत नाही. दोन्ही कडा सरळ करायचा मोहही टाळ. फोनच्या अरुंद पट्टीत मराठीचे लांब शब्द बसत नाहीत आणि मधे भोकं पडतात.

तिसरी गोष्ट छोटी आहे, पण मला फार जवळची. तयार टेम्प्लेटमध्ये पानाची भाषा इंग्रजी लिहिलेली असते. एचटीएमएल (पानाचा सांगाडा लिहायची भाषा) टॅगच्या लँग ह्या ठिकाणी 'ईएन' काढून 'एमआर' कर. नोटो सॅन्स देवनागरीसारख्या फॉन्टमध्ये मराठीचा 'ल' आणि 'श' हिंदीपेक्षा वेगळ्या वळणाचे ठेवलेले आहेत आणि भाषा मराठी सांगितली तरच ते वळण येतं. शाळेच्या फळ्यावर आपण जो 'ल' गिरवला तो पानावर येतो. शिवाय वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर मराठी आवाज निवडतं. दोन अक्षरांचा बदल आहे.

फॉन्ट एकच घे, दोन वजनांत, साधा आणि ठळक. मुक्ता, हिंद, नोटो हे सगळे मोकळ्या परवान्याचे आहेत. पाच फॉन्ट घातले की फोनला पाच फाइली उतरवाव्या लागतात. आणि फोटोशॉपमध्ये मराठी टाइप करताना पहिली वेलांटी अक्षराच्या चुकीच्या बाजूला गेली, तर वर्ल्ड-रेडी लेआउट सुरू कर; जुन्या आवृत्त्यांत ते टाइपच्या प्रेफरन्सेसमध्ये असतं. त्याशिवाय केलेले बॅनर गावोगाव दिसतात आणि वाईट वाटतं.

फॉर्मबद्दल थोडक्यात. कमी विचार. क्लासच्या चौकशीला तू अकरा रकाने ठेवलेस, त्यात वडिलांचा व्यवसायही आहे. नाव, फोन, इयत्ता, बास. बाकीचं फोनवर विचारता येतं. नंबरच्या रकान्याचा प्रकार 'टेल' ठेव, म्हणजे फोनवर आकड्यांचा कीबोर्ड येतो. रकान्याचं नाव रकान्याच्या वर लिही. आत फिकट अक्षरांत लिहिलेलं नाव टाइप करायला लागलं की नाहीसं होतं आणि मोठं माणूस गोंधळतं. अक्षरं १६ पिक्सेलपेक्षा लहान ठेवलीस तर आयफोन रकान्याला हात लावताच पान मोठं करतो. बटण निदान ४४ पिक्सेल उंच असू दे. शेतात काम केलेल्या अंगठ्याला लहान बटण लागत नाही. आणि फॉर्म भरल्यावर ती माहिती जाते कुठे? तुझ्या क्लासच्या फॉर्मचा ईमेल मालक कधी उघडतच नाहीत, हे मला त्यांना विचारल्याशिवाय सांगता येईल, कारण पानावर त्यांचा व्हॉट्सॲप नंबर तीनदा आहे आणि ईमेल एकदाही नाही. जिथे मालक दिवसभर असतो तिथे चौकशी पोचली पाहिजे.

दिसत नाहीत पण घात करतात, अशा दोन चुका.

एक, डोमेन, म्हणजे साइटचा पत्ता, कुणाच्या नावावर. जळगावच्या एमआयडीसीतल्या एका डाळमिलचं डोमेन डिझायनरने स्वतःच्या नावावर, स्वतःच्या ईमेलवर घेतलं होतं. तो मुलगा पुण्याला गेला, नंबर बदलला, नूतनीकरणाच्या सूचना त्याच्या जुन्या ईमेलवर जात राहिल्या. ऐन हंगामात साइट बंद, त्या डोमेनवरचे ईमेलही बंद, आणि तेच ईमेल पोत्यांवर छापलेले. मालक माझ्याकडे आले तेव्हा डॉट कॉमचा रिडेम्पशनचा, म्हणजे गेलेलं नाव परत मिळवायचा, ३० दिवसांचा काळ चालू होता, म्हणून जादा पैसे भरून सुटलं, तेही त्या मुलाचा पत्ता शोधून काढल्यावर. तो काळ उलटला असता तर नाव कुणीही घेऊ शकलं असतं. डोमेन आणि होस्टिंग (साइट ठेवायची भाड्याची जागा) मालकाच्या नावावर, मालकाच्या ईमेलवर, मालकाच्या नंबरवर घे. पासवर्ड कागदावर लिहून बंद पाकिटात त्यांच्या हातात दे. शक्य तर दोन-तीन वर्षांचे पैसे एकदम भरायला लाव.

दोन, माझी स्वतःची चूक. वर्डप्रेस ह्या साइट बनवायच्या साधनात सेटिंग्जच्या रीडिंग भागात एक खूण असते, शोधयंत्रांनी ही साइट धरू नये अशी. काम चालू असताना मी ती लावते. धुळ्याच्या एका दवाखान्याची साइट सुरू केली आणि खूण काढायची राहिली. तीन महिने ती साइट गूगलवर आलीच नाही. डॉक्टर सभ्य होते, काही बोलले नाहीत, पण त्या तीन महिन्यांत किती माणसं पत्ता न सापडून परत गेली असतील ह्याचा विचार मला अजून त्रास देतो. तेव्हापासून साइट सुरू करण्याच्या दिवशीची एक यादी माझ्या टेबलावर चिकटवलेली आहे आणि ही खूण तिच्यात पहिली आहे. तुझ्या कृषी केंद्राच्या साइटवरही ती अजून लागलेली आहे. मी सोर्समध्ये पाहिलं. आजच काढ.

हल्ली एआयकडून साइट बनवून घेतात. घ्यायला हरकत नाही, मीही काही भाग घेते. पण फिकट राखाडी, लेटर-स्पेसिंग, इंग्रजी भाषेचा कोड, हे सगळं तिथूनही येतं. एचटीएमएल आणि सीएसएस (रंग-मांडणी लिहायची भाषा) स्वतःला वाचता येत असेल तरच ते पकडता येतं. फ्रेमवर्कच्या, म्हणजे तयार कोड-सांगाड्यांच्या, आधी ह्या दोन्हींवर महिनाभर घाल.

तपासायचं कसं, हे विचारलं नाहीस, पण तेच सगळ्यात उपयोगी आहे. जळगावच्या गोलाणी मार्केटमधून किंवा चाळीसगावातल्याच एखाद्या दुरुस्तीच्या दुकानातून जुना, स्वस्त, थोडा चरे पडलेला फोन घे. वायफाय बंद करून साइट त्याच्यावर उघड. मग तो फोन दुसऱ्याच्या हातात दे: आई, शेजारचे काका, रिक्षावाले दादा. एकच काम सांग, 'ह्या हॉटेलला फोन लावा' किंवा 'दहावीची फी शोधा', आणि गप्प बस. बोट दाखवू नकोस, 'वर बघा' म्हणू नकोस. ते जिथे अडकतील तिथे तुझं काम आहे. साइट वापरायला सोपी कशी करावी ह्याचे अभ्यासक जेकब नील्सन यांनी २००० साली मांडलं होतं की पाच माणसांवर अशी चाचणी घेतली तरी बहुतेक अडचणी उघड्या पडतात, आणि माझा अनुभव तसाच आहे. पहिल्या वेळी गप्प बसणं फार अवघड जातं. मला तर ओठ दाबून धरावे लागले होते.

आता तुझ्या तीन साइट. कृषी केंद्राची ती खूण काढ आणि नंबर वर आण, दहा मिनिटांचं काम आहे. क्लासच्या बॅचच्या वेळा चित्रातून काढून मजकुरात लिही, फीचा रंग गडद कर, फॉर्म तीन रकान्यांचा कर.

हॉटेलच्या साइटवर जास्त वेळ दे, कारण तिथे सगळ्यात जास्त मिळण्यासारखं आहे. मेन्यूची पीडीएफ १४ एमबीची आहे. ती काढून पदार्थ आणि भाव साध्या मजकुरात पानावरच टाइप कर: शेवभाजी, भरीत-भाकरी, कळण्याची भाकरी, जे असेल ते. हिवाळ्यात भरीत कधीपासून मिळतं हे लिही. लोक तेच विचारतात. भाव बदलला की मालकाला स्वतःच्या फोनवरून बदलता यायला हवा, ते त्यांना शेजारी बसून दोनदा करायला लाव. वर नकाशाची लिंक आणि फोनचं बटण. चाळीसगावकडून येताना डाव्या हाताला की उजव्या, पंपाच्या आधी की नंतर, हे एका ओळीत लिही. गाडी चालवणाऱ्याच्या शेजारी बसलेला माणूस ती ओळ मोठ्याने वाचून दाखवणार आहे. एवढं झालं की लिंक पाठव, मी त्याच जुन्या फोनवर पुन्हा बघते.